कॉम्प्युटर अडला की मदत कशी मागायची: ‘फॉरमॅट मारून टाक’ ऐकण्याआधीचे आठ टप्पे

‘लॅपटॉप नीट चालत नाहीये, काय करू?’ असा निरोप भाच्याला, ऑफिसातल्या जाणकाराला किंवा दुकानदाराला गेला की पुढचा अर्धा तास उलटे प्रश्न येत राहतात. कोणता लॅपटॉप? कधीपासून? स्क्रीनवर काय येतंय? शेवटी कंटाळून समोरचा म्हणतो, ‘फॉरमॅट मारून टाक.’ फॉरमॅटने तक्रार बऱ्याचदा जाते हे खरं. पण तिच्याबरोबर टॅलीचा डेटा, मुलांचे फोटो आणि ब्राउझरमधले पासवर्डही जातात. मूळ दोष हार्ड डिस्कमध्ये असेल, तर थोड्याच दिवसांत तीच तक्रार पुन्हा दारात उभी.

घोळ होतो तो क्रमात. लोक आधी दहा उपाय करून पाहतात, मग मदत मागतात, आणि बॅकअपची आठवण मशीन दुकानात दिल्यावर येते. खालचा क्रम विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरच्या आणि छोट्या ऑफिसातल्या मशीनसाठी आहे. घाई असली तरी दुसरा टप्पा गाळू नका.

टप्पा १ : आधी हात काढून घ्या

बहुतेक तक्रारींत थोडी खटपट करून पाहायला हरकत नसते. पण चार प्रसंगांत प्रत्येक क्लिक नुकसान वाढवतं.

पाणी किंवा चहा सांडला असेल तर चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा, लॅपटॉप उघडा ठेवून पालथा घाला. ‘चालू होतोय का’ हे पाहायचा मोह टाळा. ओल्या बोर्डात वीज गेली की शॉर्ट होतं. तांदळात पुरून ठेवल्याने चहातली साखर बोर्डावरून निघत नाही. मशीन खोलून साफ करावंच लागतं.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद. अशा डिस्कवर दुरुस्तीचा कोणताही प्रोग्रॅम चालवू नका. तो डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचत बसतो आणि उरलासुरला जीव काढून घेतो.

महत्त्वाची फाइल चुकून डिलीट झाली असेल तर आधी रिसायकल बिन पाहा. फाइल वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या नेटवरच्या साठ्यात) होती का? घरगुती खात्यात तिथल्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस राहते. दोन्हीकडे नसेल तर त्या ड्राइव्हवर काहीही नवीन टाकू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. एसएसडी (फिरते भाग नसलेली नव्या प्रकारची डिस्क) असेल तर वेळ फारच कमी असतो, कारण डिलीट झालेली जागा ती स्वतःच पुसून ठेवते.

लॅपटॉपचं झाकण नीट मिटत नसेल किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि थेट टप्पा ८ गाठा.

टप्पा २ : डेटा आणि चावी

मशीन चालू होतंय तोवरच बॅकअप घ्या. मदतनीस कितीही भरवशाचा असला तरी त्याने सांगितलेला पहिला उपाय करण्याआधी.

सी ड्राइव्हमध्ये ‘यूजर्स’, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्यातली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स ही फोल्डरं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. एवढं सगळेच करतात. राहून जातं ते पुढचं :

- टॅलीचा डेटा. तो सहसा डेस्कटॉपवर नसतो, तिथे फक्त आयकॉन असतो. टॅली उघडून कंपनी निवडण्याच्या जागी डेटा पाथ दिसतो. ते फोल्डर उचला.
- आउटलुकची मेल फाइल. बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये असते.
- ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड. क्रोममध्ये खात्याने साइन इन केलं असलं तरी सिंक खरोखर चालू आहे का, ते सेटिंगमध्ये जाऊन पाहा.
- श्रीलिपी, कृतिदेवसारखे जुने फाँट आणि त्यांची सॉफ्टवेअरं. फॉरमॅटनंतर जुन्या मराठी फाइली उघडतात, पण अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. फाँटची फाइल हाताशी असेल तर काम पाच मिनिटांचं.
- डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवायला विंडोजला लागणारा छोटा प्रोग्रॅम. टोकन खिशात असतं, ड्रायव्हर कुठून घेतला होता ते कोणालाच आठवत नाही.

वनड्राइव्ह वापरत असाल तर फाइलींच्या नावाशेजारी ढगाचं चिन्ह आहे का पाहा. ढग असेल तर ती फाइल मशीनवर नाही, नेटवर आहे. नेट नसताना कॉपी होणार नाही.

तपासा : बाहेरच्या डिस्कवरच्या दोन-तीन फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली म्हणजे फाइल शाबूत आली असं नाही.

आता चावीकडे. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. मदरबोर्ड बदलला, बायॉस (विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट झालं किंवा तिथली एखादी सेटिंग हलली, की मशीन सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागते. हीच ती चावी. ती नसेल तर डेटा गेला. कंपनीचा इंजिनिअरही तो काढून देऊ शकत नाही, कारण कुलूप त्याच्यासाठीच लावलेलं आहे. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी (विंडोज १०वर अपडेट अँड सिक्युरिटी), मग डिव्हाइस एनक्रिप्शन असं जाऊन पाहा. तिथे ‘ऑन’ दिसलं तर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दुसऱ्या फोनवरून लॉगिन करा, आपल्या मशीनची की शोधा आणि कागदावर उतरवा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल, फक्त तो त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

सावधान : लॅपटॉप घेताना दुकानदाराने ‘सगळं सेट करून’ दिला होता का? त्याने घाईत बनवलेल्या एखाद्या ईमेल खात्याने साइन इन केलं असेल, तर चावी त्या खात्यात पडून आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सच्या पानावर कोणता ईमेल दिसतो ते आजच बघा. परका असेल तर स्वतःच्या खात्याने साइन इन करून घ्या, आणि मगच बाकीच्या दुरुस्तीला हात लावा.

टप्पा ३ : नोंद

वहीचं एक पान पुरतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं टाइप करून एंटर मारा. विंडोजची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक दिसतो. रॅम आणि प्रोसेसर सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ‘अबाउट’मध्ये. मॉडेल आणि सिरियल नंबर लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवर असतो. अक्षरं पुसट असतील तर फोनने फोटो काढून मोठा करून वाचा.

एररचा मजकूर जसाच्या तसा घ्या, स्वतःच्या शब्दांत सांगू नका. ‘काहीतरी मेमरीचं लिहून आलं’ यातून रॅमही निघते आणि भरलेली डिस्कही. विंडोजचे एरर कोड बहुधा शून्य-एक्सने सुरू होतात आणि पुढे आठ अक्षरं-आकडे असतात. सगळेच्या सगळे लिहा. एका आकड्याने उपाय बदलतो. मशीन निळ्या पडद्यावर जाऊन आपोआप रिस्टार्ट होत असेल (नव्या अपडेटनंतर हा पडदा काळा दिसतो), तर तळाशी असलेला ‘स्टॉप कोड’ हवा. तो काही सेकंदच दिसतो, म्हणून पुढच्या वेळी फोन हातात धरून बसा.

स्क्रीनशॉटसाठी विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र. मशीन हँग असेल तर फोनने फोटो काढा : समोरून, सरळ, फ्लॅश बंद करून, आणि पूर्ण पडदा येईल असा. नुसत्या एररच्या चौकटीचा फोटो अर्धवट असतो, कारण मागे कोणता प्रोग्रॅम चालू आहे तेही लागतं. व्हॉट्सॲपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात. आधार, बँकेची शिल्लक, फोन नंबर दिसत असेल तर झाका.

एक साधन फार कमी लोक उघडतात. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. तिथे दिवसवार रकाने असतात. प्रोग्रॅम बंद पडला त्या दिवशी लाल फुली, आणि त्याच दिवशी कोणतं अपडेट आलं, कोणतं सॉफ्टवेअर चढलं ते खालच्या यादीत. ‘कधीपासून?’ या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर दुसरीकडे मिळत नाही. लाल फुली जिथून सुरू झाली त्या दिवसाच्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या.

टप्पा ४ : दोष एका कोपऱ्यात गाठा

इथे दुरुस्ती करायची नाही. बिघाड कुठे नाही ते ठरवायचं आहे. मदतनीसाचा निम्मा वेळ यातच जातो, आणि हे काम तुम्ही त्याच्याइतकंच चांगलं करू शकता.

पहिली परीक्षा रिस्टार्टची. ‘बंद करून चालू केला’ म्हणजे रिस्टार्ट नव्हे! विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. अडकलेला ड्रायव्हर त्याच्याबरोबर परत येतो. ‘रिस्टार्ट’ निवडलं तरच सगळं कोऱ्यापासून सुरू होतं. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहा. रोज रात्री बंद करणाऱ्यांच्या मशीनवरही तिथे वीस-वीस दिवस दिसतात.

त्यानंतर या क्रमाने, एका वेळी एकच गोष्ट बदलून :

जागा. सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर अपडेट अडकतं, एक्सेल फाइल सेव्ह होत नाही, मशीन रांगतं. निदान पंधरा-वीस जीबी मोकळी करून मगच पुढची तक्रार करा.

तारीख. जुन्या डेस्कटॉपवर तारीख मागे गेली की बँकेच्या आणि सरकारी साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. रोज तारीख बिघडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलाय. किरकोळ किमतीत मिळतो, त्यासाठी फॉरमॅट लागत नाही.

नेट. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा. हॉटस्पॉटवर चाललं तर लॅपटॉप ठीक आहे, घरच्या जोडणीत दोष आहे. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल तर तारेतून सिग्नलच येत नाही. लॅपटॉप सोडा आणि नेटवाल्याला फोन करा. साइट मोबाइल डेटावर दुसऱ्या फोनमध्येही उघडत नसेल, तर ती साइटच बंद आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला हे नेहमीचंच, त्यात तुमच्या मशीनचा दोष नाही.

ब्राउझर. क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून खासगी विंडो उघडा. तिथे साइट चालली तर दोष साठलेल्या कुकीजमध्ये (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदींत) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये). एक्स्टेन्शन सगळी बंद करा, मग एकेक चालू करा.

फाइल. एकच वर्ड फाइल उघडत नाही की सगळ्याच? एकच असेल तर ती दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. मराठी मजकुराबाबत आणखी एक भेद आहे. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर युनिकोड (आजच्या सर्वमान्य पद्धतीने टाइप केलेला) मजकूर आहे, पण निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. तो भाग निवडून मंगल किंवा निर्मला यूआय फाँट लावा. इंग्रजी चिन्हांची रांग दिसत असेल तर मजकूर जुन्या फाँटमधला आहे; तो फाँट टाका किंवा कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. ‘मराठी दिसत नाही’ एवढंच सांगितलं तर समोरचा या दोहोंपैकी चुकीचा उपाय सांगण्याची शक्यता निम्मी.

खातं. नवीन यूजर बनवून त्यातून तेच काम करा. तिथे चाललं तर विंडोज शाबूत आहे, तुमच्या खात्याची सेटिंग बिघडली आहे.

सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक भागांवर चालणारी विंडोज. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरा आणि रिस्टार्ट निवडा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट. यादी आली की ४ दाबा, नेट हवं असेल तर ५. सेफ मोडमध्ये मशीन सुरळीत असेल तर बाहेरून टाकलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम संशयित. तिथेही बंद पडत असेल तर हार्डवेअरकडे बोट जातं. एनक्रिप्टेड मशीन इथे ४८ आकडी की मागू शकते, म्हणून टप्पा २ आधी.

‘स्लो झालाय’ या तक्रारीवर थोडं वेगळं बोलायला हवं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली डिस्कसमोर एसएसडी आहे की एचडीडी (जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क), ते लिहिलेलं असतं. एचडीडी असेल, रॅम ४ जीबी असेल आणि डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांना टेकलेला असेल, तर फॉरमॅट मारून आठ दिवस बरं वाटेल, नंतर पहिले पाढे पंचावन्न. अशा मशीनला एसएसडी लावणं हाच पैसा वसूल उपाय. एसएसडी असूनही संथ असेल तर प्रोसेसेसच्या यादीत सीपीयू, मेमरी, डिस्क या मथळ्यांवर एकेक क्लिक करून सगळ्यात वर कोण येतं ते लिहून घ्या.

तपासा : एखादा बदल करून फरक पडला नाही तर तो मागे घ्या, मग पुढचा करा. पाच बदल एकदम करून मशीन चाललं तर कशाने चाललं ते कळत नाही, आणि न चालल्यास पाच नवे संशयित तयार होतात.

टप्पा ५ : कोणाला विचारायचं

ऑफिसचा लॅपटॉप असेल तर फक्त ऑफिसच्या आयटीला. स्वतः काही काढू-टाकू नका, शेजारच्या दुकानात तर मुळीच नेऊ नका.

वॉरंटी असेल तर कंपनीला. त्याआधी एकही स्क्रू ढिला करू नका. कंपनीचा नंबर गुगलवर शोधायचा नाही. शोधात वर येणाऱ्या ‘कस्टमर केअर’ नंबरांमध्ये ठगांचे नंबर घुसवलेले असतात. वॉरंटी कार्ड, लॅपटॉपसोबत आलेली पुस्तिका किंवा स्वतः पत्ता टाइप करून उघडलेली कंपनीची साइट, एवढ्याच जागा.

प्रोग्रॅमची तक्रार त्या प्रोग्रॅमच्या कंपनीकडे. विंडोजपुरतं बोलायचं तर मशीनमध्येच ‘गेट हेल्प’ नावाचं ॲप असतं.

स्वतः नेटवर शोधत असाल तर एररचा मजकूर अवतरण चिन्हांत टाका, त्यातलं तुमचं नाव आणि फाइलचं नाव काढा, आणि निकाल गेल्या वर्षभरातले निवडा. २०१७चा व्हिडिओ विंडोज ११वर लागू होईलच असं नाही. त्यातली बटणं जागेवर नसतात आणि माणूस भलतंच काही दाबतो.

सावधान : ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर’ असं कोणतंही पान सांगत असेल तर ते पान बंद करा. त्याने तुमच्या नकळत क्लिपबोर्डमध्ये (कॉपी केलेला मजकूर राहतो त्या जागी) आज्ञा ठेवलेली असते, आणि ती चालवायचं काम तुमच्याकडून करून घेतलं जातं. चॅटबॉटने दिलेली आज्ञाही, ती काय करते हे त्याच्याकडून ओळीओळीने समजून घेतल्याशिवाय ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवू नका.

विचारण्याआधी दोन गोष्टी स्वतःशी कबूल करा. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची अपडेट आणि मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. तुमच्या मशीनवर तीच असेल तर आरंभीच सांगा, आणि वाढीव सुरक्षा अपडेट घेतली असतील तर तेही. दुसरी गोष्ट क्रॅकची, म्हणजे पैसे न भरता कुलूप तोडून चालवलेल्या सॉफ्टवेअरची. ऑफिस किंवा फोटोशॉप क्रॅक करून टाकलेलं असेल तर कंपनी मदत करणार नाही, पण घरच्या मदतनीसापासून लपवू नका. क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेला असतो आणि दुखण्याचं मूळ कित्येकदा तिथेच असतं.

टप्पा ६ : प्रश्न लिहा, बोलू नका

फोनवर तक्रार सांगताना गोष्टी निसटतात. आधी लिहून पाठवा, मग फोन करा. मजकुरात चार गोष्टी हव्यात : काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काय करून पाहिलं. शेवटी मशीनची माहिती.

कच्चा प्रश्न असा असतो : ‘दादा, प्रिंटर खराब झालाय, बघ ना जरा.’

पक्का असा :

‘दादा, लॅपटॉप विंडोज ११, प्रिंटर यूएसबीने जोडलेला, मॉडेलचा फोटो सोबत. परवापर्यंत छापत होता. काल सकाळपासून वर्डमधून प्रिंट दिली की रांगेत एरर दिसतं, कागद येत नाही. नोटपॅडमधूनही तेच. प्रिंटरच्या बटणावरून टेस्ट पान निघतं. केबल लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावली, फरक नाही. ताईच्या लॅपटॉपला त्याच केबलने लावला तर छापतो. परवा रात्री विंडोज अपडेट झालं, यादीचा स्क्रीनशॉट पाठवलाय. रिस्टार्ट केलं, बाकी काही केलेलं नाही. शुक्रवारपर्यंत पाच पानं छापायची आहेत.’

हे वाचणाऱ्याला प्रिंटर, शाई, केबल, वर्ड यांपैकी एकाचाही विचार करावा लागत नाही. उरतो या लॅपटॉपवरचा ड्रायव्हर किंवा ते अपडेट. शेवटचं वाक्यही कामाचं आहे : ड्रायव्हर आज नाही जमला तर ताईच्या लॅपटॉपवरून पाच पानं काढून वेळ भागते.

नेहमीच्या चुका :

स्वतःचा अंदाज प्रश्न म्हणून विचारणं. ‘रॅम कशी वाढवू?’ असं विचारलं की रॅमचं उत्तर मिळतं. खरी तक्रार मीटिंगमध्ये व्हिडिओ अडकतो ही असेल तर दोष वायफायमध्येही असू शकतो. मूळ अडचण सांगा, अंदाज हवा तर खाली जोडा.

केलेले उपाय लपवणं. मेव्हण्याने रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) काही बदललं असेल तर सांगा. लाज वाटायचं कारण नाही; न सांगितल्यास मात्र मदतनीस भलत्याच दिशेने जातो.

एकाच वेळी तिघांना विचारणं आणि तिघांचे उपाय एकत्र करणं. एकाचं पूर्ण होऊ द्या.

‘झालं, थँक्यू’ एवढंच लिहून गायब होणं. कोणत्या पायरीने सुटलं ते लिहा. दोन महिन्यांनी तेच दुखणं आल्यावर तुमचा तोच निरोप तुम्हालाच सापडतो.

टप्पा ७ : दुरून मशीन दाखवताना

आई-वडील नाशिकला आणि मुलगी बंगळुरूला किंवा कॅनडात असेल तर फोनवर ‘डावीकडे वर बघ, चाक दिसतंय का?’ करत बसण्यापेक्षा स्क्रीन शेअर करणं सोपं. विंडोजमध्ये ‘क्विक असिस्ट’ असतं. विंडोज, कंट्रोल आणि क्यू एकत्र दाबलं की उघडतं. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून कोड मिळतो, तो त्याने फोनवर सांगायचा आणि मदत घेणाऱ्याने आपल्या चौकटीत टाकायचा. आधी फक्त पडदा दिसतो. माउस हातात घ्यायचा असेल तर त्याला वेगळी परवानगी मागावी लागते. क्लिक शक्यतो आई-बाबांनाच करू द्या, पुढच्या वेळी निम्मं काम त्यांचं ते करतात.

सुरू करण्याआधी बँकेची पानं, मेल, व्हॉट्सॲप वेब बंद. पडद्यावरून नजर हटवायची नाही. मशीन दाखवत असताना ओटीपी वाचायचा नाही, यूपीआय उघडायचं नाही. काम झाल्यावर जोडणी तोडा. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर हे दुरून मशीन चालवायचं दुसरं ॲप वापरलं असेल तर ते काढून टाका, आणि ‘परवानगी न विचारता कधीही जोडता येईल’ असा पासवर्ड कोणी लावला नाही ना, ते पाहा.

नियम एकच : फोन तुम्ही लावलेला असला पाहिजे. ‘तुमच्या कॉम्प्युटरमधून व्हायरस पसरतोय, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ असा फोन आला तर ठेवून द्या. पडद्यावर भोंगा वाजून ‘या नंबरवर फोन करा’ आलं तर तोही बनाव. विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर नसतो. एस्केप दाबून धरा, मग आल्ट आणि एफ४. नाही गेलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरला ‘एंड टास्क’. पुन्हा उघडल्यावर ‘जुनी पानं परत आणू का’ याला नकार द्या.

ठगांचा ठरलेला डाव ‘इव्हेंट व्ह्यूअर’ (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून दाखवण्याचा. त्यात शेकडो लाल-पिवळी चिन्हं असतात आणि माणूस घाबरतो. ती प्रत्येक निरोगी मशीनवर असतात. स्क्रीन शेअर करण्याची ॲप या कामाला वापरली जातात म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन इशारा दिला होता.

फसलात तर क्रम असा : नेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा, मग दुसऱ्या मशीनवरून मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. लाजेपोटी गेलेला अर्धा तास सगळ्यात महाग पडतो, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकत असतात. तक्रार होईपर्यंत मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा त्यातच आहे.

टप्पा ८ : दुकानात देताना आणि परत घेताना

जॉबशीटशिवाय, म्हणजे मशीन दुरुस्तीला घेतल्याच्या दुकानाच्या कागदाशिवाय, मशीन सोडू नका. त्यावर मॉडेल, सिरियल नंबर, तक्रार तुमच्या शब्दांत, सोबत दिलेला चार्जर, आधीचे ओरखडे आणि एक वाक्य लिहून घ्या : ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, डेटा हवा आहे.’ रॅम किती आणि एसएसडी किती जीबीची हेही लिहा. खर्चाचा अंदाज आणि त्याहून जास्त झाल्यास फोन करण्याची अट त्याच कागदावर. काढलेला जुना भाग परत हवा असल्याचं आधीच सांगा. नंतर तो ‘कचऱ्यात गेलेला’ असतो.

पासवर्डचं काय? कीबोर्ड, बिजागर, पंखा, बॅटरी यांच्या दुरुस्तीला पासवर्ड लागत नाही. बरीच चाचणी विंडोज न उघडता होते. सॉफ्टवेअरच्या कामाला लागत असेल तर स्वतःचा पिन देऊ नका. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय एक वेगळा यूजर बनवा आणि तो द्या. कारागिराला ॲडमिनिस्ट्रेटरचा हक्क द्यावा लागला तर त्याला तुमची फोल्डरंही उघडता येतात, हे ध्यानात ठेवून खासगी फोटो आणि कागदपत्रं आधीच बाहेर हलवा. मशीन सुरूच होत नसेल तर हे काही जमणार नाही. तेव्हा ‘डेटा आधी काढा, माझ्यासमोर’ असं सांगा आणि रिकव्हरी की सोबत न्या.

परत घेताना पैसे देण्याआधी काउंटरवरच दहा मिनिटं बसा. ‘अबाउट’मध्ये रॅम, स्टोरेजमध्ये डिस्क, दोन्ही जॉबशीटशी जुळवा. नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबा. वायफाय, कॅमेरा, आवाज, सगळे यूएसबी पोर्ट, चार्जिंग पाहा. विंडोज नव्याने टाकली असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिमखालच्या (विंडोज १०वर अपडेट अँड सिक्युरिटीखालच्या) ‘ॲक्टिव्हेशन’मध्ये विंडोज ॲक्टिव्ह असल्याचं दिसलं पाहिजे. लॅपटॉपसोबत अस्सल विंडोज आली असताना कोणी त्यावर क्रॅक टाकून देत असेल तर तिथेच परत करा. डेटाची एक फाइल उघडून बघा.

घरी आल्यावर तो तात्पुरता यूजर काढा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्समध्ये आणि इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत एनीडेस्कसारखं काही उरलंय का पाहा. मेलचा पासवर्ड बदला. दुकानदाराने वॉरंटी नाकारली किंवा भाग बदलल्याचा वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथे जॉबशीट आणि पक्कं बिल विचारतात. म्हणून नव्या एसएसडीवरचा किंवा बॅटरीवरचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या; ‘हा भाग आमच्याकडचा नाहीच’ हे उत्तर त्या एका ओळीपुढे टिकत नाही.